रिपोर्ट नॉर्मल आहे

आपाच्या रक्ताचे रिपोर्ट आले त्या दिवशी जुम्मा होता, शाळा लवकर सुटली होती. लॅबमधून पाकीट घेऊन मी थेट तिच्या घरी गेले. दूल्हाभाई, त्यांची अम्मी, शेजारच्या खाला, सगळे वाट पाहत बसले होते. मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा कागद वाचण्याचा मान माझ्याकडे आला. हिमोग्लोबिन थोडे कमी होते, पण आमच्याकडच्या बायकांत ते असायचेच. थायरॉईड बरोबर, साखर बरोबर, बी-बारा बरोबर. मी म्हटले, "सब नॉर्मल है." खालांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटले. सासूबाईंनी सुस्कारा सोडला आणि आपाकडे वळून म्हणाल्या, "देख, कुछ भी नई निकला. अब उठ, हात-मुँह धो."

आपा उठली नाही. त्या रात्री मी तिच्याजवळच झोपले. बऱ्याच वेळाने ती भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "काश, कुछ तो निकलता."

आपल्या रक्तात आजार निघावा अशी इच्छा माणसाला का व्हावी? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. हा लेख त्याच प्रश्नाचा आहे. वैद्यकशास्त्र मी शिकलेले नाही. बी.एस्सी., बी.एड. एवढीच माझी शिदोरी. पण या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले, त्यातून एक गोष्ट कळली. आपाने अंथरुणात पडून जे मागितले, तेच शास्त्रज्ञ गेली साठ वर्षे प्रयोगशाळेत शोधत आहेत.

आधी आमच्या घरातली हकीकत सांगते. आमचे अब्बा वारले त्याच वर्षीची ही गोष्ट. गम दोघींना झाला. मला रात्री रडू यायचे, अब्बांची टोपी दिसली की यायचे, त्यांच्या आवडीची खिचडी शिजली की यायचे. पण सकाळी वर्गात गेले आणि एखाद्या पोराने काही वेडेवाकडे उत्तर दिले तर मी हसायचेही. आपाचे तसे नव्हते. ती पहाटे तीनला जागी व्हायची आणि तेव्हापासून दहा-अकरापर्यंत तिची हालत सगळ्यांत वाईट असायची. संध्याकाळी थोडी बरी. तोंडाला चव नाही, वजन उतरलेले, हालचाल अशी की एक ग्लास उचलायलाही वेळ लागावा. ती रडतही नव्हती. धाकटा मुलगा पहिल्यांदा कुरआन वाचून पूर्ण करून आला, घरात मिठाई वाटली, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिले आणि नुसती पाहतच राहिली. नंतर मला म्हणाली, "मुझे खुशी नई हुई. मैं कैसी माँ हूँ?"

एकच बाप गेला, दोन बहिणींना दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. लोकांच्या लेखी मात्र दोन्हींचे नाव एकच. आणि मी सावरले म्हणून आपाला माझा दाखला दिला जाऊ लागला: छोटी को देख, उसके भी तो बाप थे.

दुःखाचे असे दोन प्रकार असतात हे युरोपातल्या डॉक्टरांनी विसाव्या शतकात शोधून काढले, अशी माझी समजूत होती. ती खरी नाही. बल्ख शहरी, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. इ. स. ९३४ मध्ये त्यांचे निधन झाले. शरीर आणि नफ्स या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी गमचे दोन भाग पाडले आहेत. एक, ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते: कोणी गेले, काही हरवले. दुसरा, ज्याचे कारण सापडत नाही, जो अचानक येऊन बसतो. या दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात, रक्तातल्या बिघाडात मानले आणि त्याला शरीराचा इलाज सांगितला. पहिल्याला आतून विचारांचा आणि बाहेरून आप्तांच्या बोलण्याचा आधार. हजार वर्षांपूर्वी बल्खचा एक मुसलमान "हे रक्तातले आहे" असे लिहून गेला, आणि आमच्या मोहल्ल्यात आपाला सांगितले जाते की तुझे ईमान कच्चे आहे.

युनानी हकिमांची भाषा तर आमच्या जिभेवर अजून आहे. चार खिल्त: खून, बलगम, सफरा आणि सौदा. सौदा म्हणजे काळे पित्त. ते वाढले की मालीखोलिया. ग्रीक शब्दाचा अर्थही काळे पित्त असाच. उर्दूत वेड्याला सौदाई म्हणतात ते यातूनच. म्हणजे उदासी हे अंगातल्या एका द्रव्याचे काम आहे, ही कल्पना नवी नाही. नवे आहे ते त्या द्रव्याला नळीत पकडून मोजणे.

या मोजणीच्या कथेत आपल्या देशाचा एक धागा आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकींनी १९३१ साली तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खानांच्या आठवणीसाठी त्याचे नाव अजमलीन ठेवले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकीलांनी रक्तदाबावर सर्पगंधा कशी चालते याचा निबंध इंग्लंडच्या नियतकालिकात छापला. १९५२ साली बाझेलमध्ये याच मुळातून रेसर्पिन वेगळे झाले. ते रक्तदाबासाठी जगभर दिले जाऊ लागले आणि काही डॉक्टरांनी लिहिले की, ते घेणारे काही रोगी उदास होतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले की रेसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलीन यांचा साठा रिकामा करते. त्याच सुमारास क्षयाच्या इप्रोनियाझिड या औषधाने रोगी नको इतके आनंदी होतात असे दिसले, आणि ते औषध ही द्रव्ये मेंदूत साठवून ठेवते. दोन्ही जोडून अमेरिकेच्या जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ साली मांडले की, काही उदासींचे मूळ या द्रव्यांच्या कमतरतेत असावे. रेसर्पिनच्या त्या निरीक्षणांवर पुढे बरीच शंका घेतली गेली. पण वाट पडली ती पडली. द्रव्य कमी आहे, तर मोजा. कोणाचे कोणते कमी ते पाहा. त्यावरून उदासीचे प्रकार पाडा, प्रकारावरून औषध द्या. किती सरळ!

स्टॉकहोमच्या मारी ऑसबर्ग यांनी १९७६ साली ६८ उदास रोग्यांच्या पाठीच्या मणक्यातले पाणी तपासले. सेरोटोनिन मोडल्यावर जे द्रव्य उरते त्याचे प्रमाण पाहिले, तर रोग्यांचे दोन गट पडले: २० जणांचे कमी, ४८ जणांचे जास्त. कमी असलेल्यांत आत्महत्येचे प्रयत्न जास्त होते. दोघे त्यात गेले. दुसऱ्या गटातले कोणी गेले नाही. इथे जणू उदासीची एक वेगळी जात सापडली. पुढे मात्र दिसले की हे कमी प्रमाण उदासीपेक्षा अविचाराने हिंसा करण्याच्या स्वभावाशी जास्त जुळते आणि ते इतर आजारांतही आढळते. म्हणजे खूण खरी होती. आम्ही तिच्यावर चिकटवलेले नाव खरे नव्हते.

सगळ्यांत मोठी आशा होती ती डेक्सामेथासोनच्या तपासणीची. हिचे काम विज्ञानाच्या शिक्षिकेला आवडावे असेच आहे. मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल झरते. ते पुरेसे झाले की मेंदू ते थांबवतो, घरातली टाकी भरली की मोटार बंद करावी तसे. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखेच एक औषध. रात्री अकराला त्याची एक मिलिग्रॅमची गोळी दिली तर निरोगी माणसाचा मेंदू समजतो की टाकी भरली, आणि दुसरा दिवसभर कॉर्टिसॉल खाली राहते. खोल उदासीच्या कित्येक रोग्यांत मात्र मोटार बंदच होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आणि रात्री अकराला रक्त घेतले तर आकडा वर चढलेला असतो. मूळचे ऑस्ट्रेलियाचे बर्नार्ड कॅरोल यांनी १९८१ साली अमेरिकेतून छापलेल्या निबंधात म्हटले की ही मेलँकोलियाची, म्हणजे आमच्या जुन्या मालीखोलियाची, खास प्रयोगशाळा-तपासणी आहे. पहाटे जाग येणे, सकाळ वाईट जाणे, अंगाची हालचाल मंदावणे, चांगल्या बातमीनेही मन न उजळणे. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. एकेक ओळ आपाची होती.

कॅरोल यांचे आकडे असे: मेलँकोलियाच्या १०० रोग्यांत ६७ जणांची तपासणी होकारार्थी येते, आणि ज्यांना तो आजार नाही अशा १०० पैकी ९६ जणांची नकारार्थी. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत ही तपासणी धडाधड होऊ लागली. मग अडचणी निघाल्या. ज्याचे वजन झपाट्याने उतरले आहे त्याचीही तपासणी होकारार्थी येते, स्मृतिभ्रंशाच्या म्हाताऱ्याचीही, नुकती दारू सोडलेल्याचीही, आणि रुग्णालयात भरती होण्याच्या धक्क्यानेसुद्धा. १९८७ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीने रोजच्या वापरात तिचा उपयोग मर्यादित ठरवला. २०१८ साली कॅरोल वारले. आजही नेहमीच्या दवाखान्यात उदासी ओळखायला किंवा तिचा प्रकार ठरवायला रक्ताची कोणतीही मान्य तपासणी नाही. आपाच्या डॉक्टरांनी ते आधीच सांगितले होते. हे रिपोर्ट दुसरे काही नाही ना एवढे बघायला आहेत, थायरॉईड मंदावले किंवा बी-बारा उतरले तरी माणूस असा होतो, पण या दुःखाची स्वतःची तपासणी नाही, असे त्यांचे शब्द होते. ते आम्ही ऐकले आणि विसरलो. रिपोर्ट हातात आल्यावर "दुसरे काही नाही" याचे आम्ही "काहीच नाही" करून टाकले.

पण ही तपासणी नापास झाली म्हणजे नेमके काय झाले? आठवीला मी लिटमस शिकवते. निळा कागद लाल झाला की आम्ल. एकदा एका मुलीने विचारले, "मिस, पण लिटमस बरोबर आहे हे पहिल्यांदा कोणी सांगितले?" प्रश्न लाखाचा आहे. लिटमसच्या बाबतीत उत्तर आहे, कारण आम्ल ओळखण्याचे दुसरे मार्ग आहेत. कॉर्टिसॉलच्या तपासणीला कशाशी ताडून पाहिले? डॉक्टरांच्या मताशी. डॉक्टर "मेलँकोलिया" म्हणाले आणि तपासणी "हो" म्हणाली तर तपासणी पास. दोघांत फरक पडला तर चूक कोणाची? दुसरा काटाच नसल्यामुळे नेहमी तपासणीची धरली गेली. कॅरोल यांची तक्रार हीच होती. १९८० साली अमेरिकेच्या रोगवर्गीकरणात उदासीच्या जुन्या जाती मोडून 'मेजर डिप्रेशन' ही एकच मोठी गोणी शिवली गेली, आणि त्या गोणीत गहू, ज्वारी, खडे सगळे भरल्यावर त्यांच्यात एकच खूण कशी सापडेल? मला त्यांचे म्हणणे पटते. त्या वर्गीकरणात आप्ताच्या मृत्यूनंतरच्या दुःखाला बरीच वर्षे सूट होती. २०१३ साली तीही काढून टाकली. त्यावर पुष्कळ ओरड झाली की, आता शोकालाच आजार म्हणणार का? ओरड रास्त आहे. पण जुन्या सूटीने आपाला काय दिले असते? "बाप गेलाय, होणारच" एवढेच. अल-बल्खींच्या वाटणीतही आपा बसत नाही. तिच्या गमला कारण होते, आणि तरीही तो दुसऱ्या जातीचा होता.

ही विद्या अगदीच वांझ नाही, हेही सांगितले पाहिजे. १९०६ साली वासरमन यांची रक्ततपासणी आली आणि १९१३ साली पागलखान्यात मेलेल्या रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले, तेव्हा वेडाचा एक अख्खा प्रकार साथीच्या रोगांच्या खात्यात गेला. अलीकडे शरीरातला दाह दाखवणाऱ्या सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनकडे लक्ष गेले आहे. सांधेदुखीत वापरले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध ६० हट्टी उदासीच्या रोग्यांवर वापरून पाहिले, त्याचा निष्कर्ष २०१३ साली छापला गेला. एकूण गटाला फायदा शून्य. पण ज्यांचे हे प्रोटीन लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर होते त्यांच्यात सुधारणा दिसली, आणि ज्यांचे कमी होते त्यांना खोट्या औषधाने जास्त बरे वाटले. हा छोटा प्रयोग आहे, त्यावर इमारत बांधता येत नाही. पण प्रकार ओळखले तर औषध नेमके देता येईल ही आशा त्यात जिवंत आहे. आज पहिल्या औषधाने सुमारे तिसरा हिस्सा रोगीच पूर्ण बरे होतात. बाकीचे कित्येक आठवडे वाट बघून दुसरे, मग तिसरे घेतात. आपाला दुसरे औषध लागू पडले. पहिल्याचे दीड महिने आमच्या घरात कसे गेले ते मी लिहिणार नाही. ते दीड महिने वाचवणारी तपासणी उद्या आली तर मी पहिली रांगेत उभी राहीन.

आपाने मागितलेली गोष्ट मात्र वेगळी होती. औषध निवडायला तिला कागद नको होता. तिला साक्षीदार हवा होता. तिच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास नव्हता, म्हणून रक्ताने तिच्या बाजूने गवाही द्यावी असे तिला वाटत होते. माझी भीती इथेच आहे. कॅरोल यांचे सर्वांत चांगले आकडे खरे धरा. १०० खऱ्या रोग्यांपैकी ३३ जणी "नॉर्मल" असा कागद घेऊन घरी जातील. आज त्यांना निदान "तपासणीच नाही" अशी आड घेता येते. उद्या तीही जाईल. सासू म्हणेल, अमुकीच्या सुनेचा तर निघाला होता, तुझा नाही निघाला. ६७ जणींची सुटका ३३ जणींच्या बदनामीवर उभी राहील. आणि त्या ६७ जणी तरी सुटतील का? आपल्यात रिश्त्याच्या वेळी काय काय विचारले जाते ते वाचकांना सांगायला नको. उदासीला आकडा मिळाला की मुलीच्या बायोडाटाबरोबर तो आकडाही मागितला जाईल. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला लावले; पण रिश्ता जुळवणाऱ्या खालांना कोणता कायदा लावणार?

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेने याच आजारासाठी रजा घेतली तेव्हा अर्जात "कंबरदुखी" लिहिले. डॉक्टरांनी तसा दाखलाही दिला. ती पाच वक्त नमाजी बाई, खोट्याची तिला चीड. पण खरे लिहिले असते तर स्टाफरूममध्ये तिच्या हातात वर्ग देऊ नका अशी कुजबुज झाली असती. कंबरेच्या दुखण्याचीही तपासणी कोणी मागितली नाही, हे मजेशीर आहे. कंबर दुखते म्हटले की आपण मान डोलावतो. मन दुखते म्हटले की पुरावा मागतो. शब्दाला शब्दच पुरावा, दोन्हीकडे.

आणि आपली शरियत तर या बाबतीत आपल्यापेक्षा नरम आहे. आजाऱ्याला रोजा सोडायची सूट कुरआनातच आहे. ती कधी लागू होते, याबद्दल हनफी फिकहच्या किताबांत सांगितले आहे की रोजाने आजार वाढेल असा गालिब गुमान हवा. तो स्वतःच्या अनुभवाने, दिसणाऱ्या खुणांवरून किंवा जाणत्या, भरवशाच्या वैद्याच्या सांगण्यावरून ठरतो. यात आजाऱ्याचा स्वतःचा अनुभव आहे, हे लक्षात घ्यावे. अल्लाहचा हक्क असलेल्या इबादतीत माणसाच्या अनुभवाला एवढे वजन, आणि घरकामात नाही! हजरत याकूब बेट्याच्या गमने रडून रडून डोळे गमावून बसले. ते पैगंबर होते. त्यांचे ईमान कच्चे होते असे म्हणायची कोणाची हिंमत आहे? ज्या वर्षी बीबी खदीजा आणि अबू तालिब गेले त्या वर्षाला आमच्या इतिहासाने गमचे वर्ष असेच नाव दिले आहे. हे सगळे मी आपाला सांगत होते तेव्हा तिने मला थांबवले. म्हणाली, "उनका गम था छोटी, मेरेकू तो गम भी नई लगता." तेव्हा मी गप्प झाले. दाखले देऊन मीही तेच करत होते, तिच्या आजाराला माझ्या ओळखीच्या दुःखात बसवत होते.

आता ती बरी आहे. पूर्ण म्हणत नाही. थंडी सुरू झाली की मला धास्ती वाटते आणि ती हसते. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी झाली. रिपोर्टचे ते पाकीट तिने फेकलेले नाही, कपाटात रेशनकार्डाबरोबर ठेवले आहे.

मागच्या रमजानच्या आधी त्यांच्या गल्लीतली एक नवी सून तिच्याकडे आली होती. मी तिथेच होते. बरोबर तिची नणंद होती, तिच्या हातात प्लॅस्टिकची फाईल. नणंद म्हणाली, "बाजी, सब टेस्ट कराए, कुछ भी नई है, बस पड़ी रहती." आपाने फाईल घेतली आणि न उघडता बाजूला ठेवली. नणंदेला म्हणाली, जरा चहाचे बघशील का आत. मग त्या मुलीजवळ सरकून बसली आणि तिने विचारले, "नींद कितने बजे टूटती है?"

मुलगी म्हणाली, "तीन बजे."